तेलविहिरीचं पानी अन् माही दसऱ्याची पूजा

मी मूळचा नरखेड तालुक्यातला, संत्र्याच्या मुलखातला. बाप माहा विहिरीवरच्या मोटारपंपाचा मिस्तरी, चार गावात कुठीबी पंप बंद पडला का लोक म्हनत, जा गा, शेषरावले बोलवून आन. मी त्याच्याच मागं फिरून पाना धरायले शिकलो. मंग लग्न झालं, बायको, सुनंदा, म्हने का इथी काय ठेवलं हाय, नागपूरले चला, अन् हिंगन्याच्या एमआयडीसीत पंप ऑपरेटर म्हनून लागलो, तो आजपावतो तिथीच आहो.

काम म्हनाल तर पानी साफ करायचं. पन साधं पानी नाई, काय सांगू तुमाले ताई, तेलाच्या विहिरीतलं पानी. लोकाईले वाटते तिथून निस्तं तेल निंगते. अवो, तेलापरीस पानीच जास्त निंगते, खारट, काळपट, नाक धरावं असं, अन् त्यात निकेल, जस्त, शिसं, नाई नाई ते मुरलेलं. ते तसंच सोडलं तर जमिनीचं वाटोळं. म्हनून गुजरातेतून ड्रमचे ड्रम आमच्याकडं येतात. आधी वरचं तेल काढायचं, मंग चुना टाकून घोटायचं, गाळ खाली बसते, अन् वरचं पानी उभ्या पाइपातून सोडायचं. त्या पाइपात साबुदान्यावानी पिवळे दाने भरलेले रायतात, ते उरलेली धातू पकडून ठेवतात. दाने भरले का तेजाबानं, म्हंजे आसिडनं, धुवायचे, का निकेल हिरवंगार पानी होऊन खाली उतरते, अन् ते आमी जपून ठेवतो, कामी येते ते. पहिल्यांदा पाह्यलं तवा घरी जाऊन सुनंदाले म्हनलं, अवं, घान पान्यातून आज हिरवं काढलं आमी. ती म्हने, भाजी हाय काय?

हे दाने वैशाली मॅडमनं बसवले. आमच्या केमिस्ट. पोरीच्या वयाच्या, पन दिवसभर गमबूट घालून आमच्यासंगं उभ्या. दोन वर्सं झटल्या त्या. दसऱ्यानंतर तेल कंपनीचे साहेब पाहायले येनार होते. शेवटचं पानी पास झालं तर मोठा प्लँट आमच्याकडं, नाई तर शेड बंद, असं मालकानं सांगून ठेवलं होतं.

आता माही करामत ऐका. बाप दसऱ्याले पंपाले शेंदूर लावे, तेलात कालवून, जिथून पानी निंगते तिथी बोटभर. म्याबी तेच केलं. महालातल्या बाजारातून शेंदूर आनला, मशिनीले हार घातला, नारळ फोडला, अन् जिथून तपासायचं पानी काढतो त्या शेवटच्या नळाच्या तोंडाले, आतून वो, आतून, चांगला थापला. म्हनलं, बाबा, चांगलं पानी दे.

दुसऱ्या दिवशी तपासलं त साफ केलेल्या पान्यात शिसं. आधी कधी नव्हतं. पुन्हा तपासलं, पुन्हा शिसं. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मालकाले म्हनल्या, साहेब, माही चूक हाय, दानेच शिसं सोडून राहिले, तेल कंपनीच्या साहेबाइले सांगा येऊ नका. अन् टाकीपाशी बसून राहिल्या, डब्बा तसाच.

तिसऱ्या खेपेले बाटली म्या धरली. त्या बाटलीत थोडं तेजाब आधीच टाकलेलं रायते, धातू काचेले चिकटू नये म्हनून. पाह्यतो त बाटलीच्या गळ्याले लाल ओघळ. मले काय माहीत होतं, ताई? सहज विचारलं, मॅडम, शेंदरात काय रायते? त्या वर न पाहता म्हनल्या, शिसं. काहून?

म्हंजे माह्याच शेंदरानं घात केला होता. खोटं कायले बोलू, पहिले मनात आलं का कापडानं पुसून टाकावं, उद्याचं पानी चांगलं येईन, कोनाले कळनार हाय? पन ही पोरगी सारा दोष आपल्या डोक्यावर घेऊन बसली होती, दाने फेकायले निघाली होती. सांगून टाकलं. भेव लय वाटलं, नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

ऐकताच मॅडम उठल्या. तो नळ टाळून, त्याच्या मागच्या टाकीतून थेट पानी काढलं. सकाळी तपासलं, शिसं नाई! मॅडम हसता हसता रडल्या, मीबी रडलो, काय लपवू. मालक म्हने, रामभाऊ, तुमी त देवाच्या नावानं आमाले बुडवलं असतं. पन कामावरून काढलं नाई.

मॅडमनं रजिस्टरात लिवलं का नळ खराब होता, पहिले दोन नमुने बाद. म्या म्हनलं, माहं नाव लिवा, शेंदूर लिवा. जे झालं ते लिवा. त्यायनं लिवलं.

तेल कंपनीचे साहेब आले, पान उलटता उलटता थांबले, रामभाऊ कोन? म्या हात वर केला. ते म्हने, ज्या रजिस्टरात कधीच काही चुकत नाई ना, त्याच्यावर माहा भरोसा बसत नाई. ह्याच्यावर बसला.

पानीबी पास झालं, आता बाजूले मोठ्या प्लँटच्या शेडचा पाया खोदून राहिले. मॅडमचा अन् माहा डब्बा आता संगंच उघडते. देव त्या पोरीचं भलं करो.