आता ते पुढं चालत्यात

चालता येतं का म्हणून काय इचारताय शरणम्मा — पळत्यात की! ते काय आमचे मालक, औषधाच्या खिडकीपाशी, पांढऱ्या टोपीचे — काठी हाय का हातात? न्हाय. बसा हितं बाकावर. तुमच्या धन्याचा बी घोट्याचा सांधाच बदलणार न्हवं? तसंच हे. नवं लग्न हुतं, वैरागच्या बाजारात बैलगाडीचं चाक गेलं पायावरनं, तवापास्नं लंगडत हुते. मग मुंबईचा डॉक्टर आला, झिजलेला सांधा काढला, पोलादाचा बशिवला. आदी पलास्तर, मग कुबड्या, मग काठी. पयल्यांदा पाऊल असं सपाट टाकत्यात, बदकावानी — हसायचं न्हाय तवा. जिना चढताना चांगला पाय आदी, उतरताना दुखरा आदी. उकिडवं बसता येत न्हाय, जेवायला खुर्ची लागती — मी खाली, हे वर, हेडमास्तरावानी! पण रातभर कण्हायचे ते गेलं. लई चांगलं झालं. चांगलंच झालं म्हणते की मी — कुटं गेले? आता तर हुते खिडकीपाशी. असतील गर्दीत.

एक इचारू? तुमचे धनी चालताना तुमच्या खांद्यावर हात ठेवत असतील, न्हाय? व्हय ना? आमचे बी ठेवायचे. समद्या मंगळवार पेठेतनं, भर बाजारातनं. न्हायतर आपल्यात नवरा-बायको शेजारी चालत्यात कुटं — नवरा पुढं, बायको पिशवी घेऊन मागं. पण लंगड्या माणसाला कोण काय म्हणणार! सासूबाई बी गप. घरात ही एवढी माणसं, बोलायला मिळतंय कुटं — आमची बोलणी रस्त्यावरच व्हायची. पोरीला कुटं द्यायची, वांगी किती महागली, समदं. हात लई जड हो त्यांचा. खांदा दुखायचा, मी तेल चोळायची, कुरकुर बी करायची. आणि आता? आता हे चार पावलं पुढं. त्यात डॉक्टरनं कॅनव्हासचे बूट घालायला लावल्यात, आवाज बी येत न्हाय. पाय बरा होऊ दे म्हणून रूपाभवानीला नवस मीच बोलले हुते की — फेडायला गेलो तर हे पार देवळाच्या पायरीवर, मी नारळ घेऊन मागं पळतीय. वळून बघितलं बी न्हाय. सरळ चालणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? न्हाय वो, रडत कशाला — धूळ गेली डोळ्यात. पण वाईट वाटतंय शरणम्मा. लंगडतच असते तर बरं झालं असतं असं येतं मनात — जळलं मेलं माझं तोंड, पण येतं! म्हणजे तुमी आपरेशन करू नका असं न्हाय, करा की, करा, फकस्त —

अगं बया! तुमी कवा येऊन उभे ऱ्हायलात मागं? बूट वाजलेच न्हायत... मिळाल्या गोळ्या? मग व्हा की पुढं, मी येते पिशवी घेऊन. — अवो, हात कशाला ठेवताय खांद्यावर? दुखतंय का पाय? न्हाय? चक्कर आली? मग काय वो... लोक बघत्यात की.

शरणम्मा, तुमी जावा. तुमचा नंबर पुकारत्यात बघा. जावा की!