काळा डबा

मेहकरच्या बसस्टँडवर मंजुश्री सारखी उठत-बसत होती. भावासाठी मुलगी पाहायला अमडापूरला जायचं, आणि गाडी काही लागत नव्हती. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"सिंधूताई, तुमच्या कचऱ्याच्या कारखान्यात मशीन आली म्हणे?"

"हाव. पट्ट्यावरून प्लास्टिक जाते, वरून उजेड पडते. प्रत्येक प्लास्टिक तो उजेड येगळा परतवते. त्यावरून मशीन वळखते अन् हवेचा फटका मारून बाटली बरोबर तिच्या खान्यात उडवते."

"मंग तुमाले काय काम राह्यलं?"

"काळे डबे. काळं प्लास्टिक उजेड गिळून टाकते, मशीनले ते दिसतच नाही. म्हणून आमी पट्ट्याच्या शेवटी बसून हातानं वेचतो."

"बरं हाय, नोकरी तरी टिकली. अन् तुमच्या पोरीचं, सारिकाचं, काय झालं? पाव्हणे आल्ते ना?"

"नाही जमलं."

"काऊन? शिकेल पोरगी हाय."

"त्याइले काळंच दिसलं, बाई. दुसरं काहीच नाही दिसलं."

मंजुश्रीचा फोन वाजला.

"पोहोचली का व?"

"नाही आई. गाडीच नाही."

"आयक, पोरीले घरातल्या लाइटीत नोको पाहू. अंगणात घेऊन जाय, चांगल्या उजेडात पायजो."