शाल त्याच कपाटात आहे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या ग्रामपंचायतीचे सदस्य माननीय भीमाप्पाअण्णा. व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय परशराम सर. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या उत्सवमूर्ती नीलम टीचर. समोर बसलेले पालक, माझ्या आयाबहिणी आणि मागं चिरमुरे खात दंगा करणारी बालमंडळी, तुम्हा सर्वांना शाळा सुधारणा समितीची अध्यक्षा या नात्यानं माझा सविनय नमस्कार.

निरोपाचा क्षण हा फुलासारखा हळवा असतो. नीलम टीचर आपल्या गावात आल्या आणि जणू ज्ञानाची गंगा

इथं कागद संपला. आता गंगा कुठं गेली, ते सरांना विचारा.

माझी समता सातवीत आहे. मी तिसरीतनं शाळा सोडलेली, बारीक अक्षर मला लागत नाही. म्हणून ती शाळेच्या लॅपटॉपवर माझं भाषण वांग्याएवढ्या अक्षरात टाइप करत होती. गंगेपर्यंत आली तेव्हा शाळा सुटली. झालं तेवढं तिनं छापून घेतलं, उरलेलं उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशी टीचरांनी चार्ज दिला, सरांनी घेतला, आणि लॅपटॉप गेला लोखंडी कपाटात. वरच्या फळीवर. चावी सरांच्या खिशात. तेव्हा पुढचं मी माझ्या तोंडानंच बोलते. फुलं-बिलं मला जमत नाहीत.

हा लॅपटॉप टीचर यायच्या आधीपासून शाळेत आहे. सरांनी त्याला खोळ शिवून आणलीती. वरनं माहिती मागितली की बाहेर काढायचा, भरायची, की आत. खंडेनवमीला झेंडूचा हार, हळद-कुंकू, लिंबू, की पुन्हा आत. अहो, घटात देवीसुद्धा नऊ दिवस बसते! पोरांना हात लावू देणं तर सोडाच, ती दारातनं बघायला लागली तर सर म्हणायचे, "वारं सोडा रं त्याला, तापतंय ते."

मग टीचर आल्या. म्हणाल्या, "सर, मी वर्गात नेऊ का?"

सर म्हणाले, "शिकवायचं काय न्हाय ओ त्यात. वर्ड हाय, एक्सेल हाय, पॉवरपॉइंट हाय. ही सगळी ऑफिसची कामं."

टीचर म्हणाल्या, "मग तेच नेते."

आणि नेला. काय केलं त्यांनी? पॉवरपॉइंटवर नांगराचं चित्र. एकदा दाबलं की खाली मराठी शब्द, पुन्हा दाबलं की कन्नड, पुन्हा दाबलं की इंग्रजी. पाचवीची पोरं शब्द यायच्या आधी ओरडायला लागली. कन्नडच्या तासाला पोट दुखणारी पोरं ही! पुढं पुढं चित्रं पोरंच आणायला लागली. ह्याला काय मोठं सॉफ्टवेअर लागलं? बिल करायच्या दुकानात असतं तेच की.

पण मला खरं सांगायचंय ते भाकरीचं.

समताला टक्केवारी येत नव्हती. वर्गात कुणालाच येत नव्हती म्हणा. टीचरांनी प्रत्येकाला सांगितलं, तुमचा दिवस कशात जातो ते एक्सेलच्या चौकटीत भरा. झोप, शाळा, अभ्यास, घरकाम, खेळ. भरलं की त्याची गोल भाकरी होते, प्रत्येक कामाचा वेगळा रंगीत तुकडा. घरकाम निळं, खेळ लाल. पालकसभेला गणपती मंडळाचा प्रोजेक्टर आणून टीचरांनी त्या भाकऱ्या भिंतीवर पाडल्या. नाव कुणाचंच नव्हतं.

पण गाव आपलं. पहिल्या दोन भाकऱ्या दिसल्या आणि भावकूदाजी उठले. बसा दाजी, आज उठायचं काम नाही. म्हणाले, "ही निळीभोर भाकरी कुणाची? आमच्यात पोरी एवढी कामं करत न्हाईत. उगं सोंगं!"

मागनं त्यांची रचना म्हणाली, "आप्पा, ती माझीच."

"आणि शेजारची?"

"ती आपल्या सौरवची."

सौरवची सगळी लाल. गुणाबाई काय गप्प बसतात? म्हणाल्या, "दाजी, नीट बघा की, लालमधी एक बारीक पांढरी रेघ हाय. ती आंघोळीची!"

सभा हसली. भावकूदाजी मात्र रागानं निघून गेले. चार बापे त्यांच्या मागनं गेले, आणि सरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमच्या घरातली भांडी भिंतीवर कशाला?" सर टीचरांना म्हणाले, "मी सांगितलंतं, ही ऑफिसची कामं."

आता ऐका. पुढच्या महिन्यात हेच भावकूदाजी शाळेच्या दारात. टीचरांना म्हणाले, "बाई, सौरव आता पाणी भरतोय. त्याची भाकरी नवी करा. आणि सगळ्यांना दावा." दाजी, खाली का बघताय? मी वाईट सांगितलं का?

रचना आता घरी अभ्यासाला बसते. माझी समता व्याजाची टक्केवारी तोंडानं सांगते. दोघी मिळून पाचवीला पॉवरपॉइंट शिकवतात, टीचर नुसत्या मागं उभ्या राहतात. म्हणजे टीचर गेल्या तरी वर्ग थांबायचं कारण नाही. थांबला तर कपाटामुळं थांबेल.

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "आक्का, नवीन टीचर आल्या की बघू. सरकारी माल, मोडला तर कोण भरणार?" नवीन टीचर कधी येणार? सरांना माहीत नाही. साहेबांना माहीत नाही. तोवर ह्या पोरी दहावीला जातील! वापरून मोडलं तर समिती जबाबदार, मी अंगठा नाही, सही करते, चांगली शिकलेली सही. पण कपाटात ठेवून सडलं तर कोण जबाबदार? सांगा की!

टीचर, तुम्ही रडू नका. गुंजीला तुमची आई एकटी आहे, बदली तुम्ही मागून घेतली, बरोबर केलं. तुमच्यावर माझा राग नाही.

आता सत्कार. शाल-श्रीफळ माझ्या हातानं द्यायचं ठरलंय. शाल कुठाय? त्याच कपाटात. सर, उठा. उठलात, बरं झालं. शाल खालच्या फळीवर आहे. वरच्या फळीवर काय आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. एकटी शाल घेऊन आलात तर मी ती घालणार नाही. भीमाप्पाअण्णा, तुम्ही माझ्याकडं असं बघू नका, अध्यक्ष आहात, सरांकडं बघा.

सर येईपर्यंत आभार मानून घेते. मंडप घालणाऱ्यांचे आभार, चहा करणाऱ्यांचे आभार, एवढा वेळ बसलात म्हणून तुमचे आभार.

आले. सर, शालीला दोन्ही हात लागतात व्हय? एवढी जड? असू दे, असू दे. शालीखालची खोळ मला इथनं दिसती. शाल टीचरांना. आणि ते, समता, रचना, या गं पुढं, धरा दोघींनी. पोरींनो, टाळ्या नंतर, आधी नीट धरा.

टीचर, सुखानं जावा. रागात कुणाला वेडंवाकडं बोलले असेन तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला, सरांनी जरा जास्त घालावं.

आणि सर, बसू नका. परत जावा. चार्जर राहिला.