चाकणच्या किल्ल्याची चढाई

गड बघायला चल, असं मला पुन्हा म्हणू नका राव. एकदा जाऊन आलोय.

पिंपरीचा कारखाना तेव्हा नवा होता. आमचे फोरमन कानिटकरसाहेब इतिहासाचे मोठे जाणकार, म्हणजे ते स्वतःच तसं सांगायचे. एका रविवारी ते आम्हा चौघांना घेऊन चाकणचा किल्ला सर करायला निघाले. खांद्यावर जाडजूड दोरखंड. एसटीत ऐसपैस बसून कंडक्टरला सुनावत होते, "मावळे कोस-कोस पायी जायचे. तुम्हा लोकांना गाडीशिवाय हलवत नाही!"

चाकणला उतरल्यावर त्यांनी गोवऱ्या थापणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, किल्ल्यावर चढायची वाट कुठली?"

"चढायचं कशाला? गोवऱ्या थापल्यात न्हवं, ती किल्ल्याचीच भित हाय."

किल्ला सपाट जमिनीवर! साहेबांचा चेहरा पडला. पण दोर आणलाय म्हटल्यावर चढायलाच हवं. "आधी खंदकात उतरू, मग तिथून वर चढू."

म्हातारी ओरडली, "आरं बाबा, तितं नगं! सकाळच्याला सारा गाव तितंच बसतो!"

"मावळे असल्या गोष्टींना भीत नसत," म्हणत साहेब उतरले. म्हणजे घसरले, थेट तळापर्यंत. त्यांनी दोर वर फेकला, आम्ही नाक दाबून त्यांना ओढून काढलं.

परतीला तीच एसटी, तोच कंडक्टर. त्यानं साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दार अडवलं आणि आम्हाला म्हणाला, "तुम्ही चौघं चढा. मावळे पायी येतील."