बेटांची सहल आणि एक सही

आमची इंडोनेशियाची सहल कशी अडली होती, ते सांगितलंच नाही तुम्हाला. परळीतल्या आमच्या बियाण्याच्या दुकानाला कंपनीनं ती बक्षीस दिली होती. होडीनं चार बेटं, त्यातलं एक ज्वालामुखीचं. मी लेकीच्या पुस्तकातल्या नकाशात रोज बेटं बघायचे. अर्जाचा शेवटचा दिवस आला, तरी आमचे हे सही करेनात.

"त्या डोंगरातून धूर निघतो म्हणं."

"परळीत थर्मलच्या चिमण्यांखाली राहून धुराला भेता व्हय?"

"अन् सोमवारचं वैजनाथाचं दर्शन? ते चुकंल की."

"आवो, गळ्यात इष्टलिंग हाय ना तुमच्या? देव होडीत संगंच येतोय."

ह्यांनी गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं. मग हे हळूच म्हणाले, "देव तरंल गं. मला कुठं पवता येतंय?"

मी पेन पुढं केला. "मग माझा हात धरून बसा. पण आधी सही करा."