भिंतीनं पांघरलेली वाकळ

नाय, मला एवढंच सांगा, थंडी कोनाला वाजते? मानसाला का भिंतीला? हसू नका! आमच्या घरात सध्या हाच वाद चालू हाय, अन् त्यात मी हरलोय. व्हय, मी! कडुबा! चिकलठान्याच्या कंपनीत तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला मानूस! सगळा जलम आगीपुढं गेला, अन् आता म्हातारपनी चौथ्या मजल्यावर कुडकुडत बसलोय.

तुमाला सांगतो, आमची एक वाकळ हाय. माह्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, चाळीस वर्षांपूर्वी शिवलेली. फाटंल तिथं ठिगळ, ठिगळावर ठिगळ, असं करत करत ती एवढी जड झालीय का, अंगावर घेतली तं मानसानं कूस बदलताना दोनदा इचार करावा! तिच्यात माह्या आईचं लुगडं हाय, पोराचा शाळेचा सदरा हाय, अन् मधोमध माह्या कंपनीचा खाकी शर्ट, खिशासगट. खिसा मीच ठेवायला लावला. चष्मा, तंबाखूची पुडी... पडल्या पडल्या हाताशी पायजे ना?

आता जानेवारीत दोन दिवस पाचोडला गेलो, भाच्याच्या लग्नाला. परत आलो तं वाकळ गायब! पलंगावर नाय, कपाटात नाय... सुनंला म्हनलं, 'रूपाली, माही वाकळ कुठं हाय?' ती म्हनती, 'सरप्राइज, बाबा!' अन् बोट दाखवलं. कुठं? तं सोफ्याच्या मागं, भिंतीवर! वर लाकडी पट्टी, पट्टीला स्क्रू, अन् तिच्यावर उजेड पाडायला एक पिवळा दिवा! 'बाबा, हे सध्या खूप ट्रेंडिंग आहे. लोक विकत आणून लावतात, आपल्याकडे तर ओरिजिनल आहे!' अगं, ओरिजिनल तं मी बी हाय! मला कुठं दिवा लावला?

ड्रिलवाला तिथंच सामान आवरत होता. त्याला बाजूला घेऊन हळूच इचारलं, 'भाऊ, निघंल का ही?' तो छातीवर हात ठेवून म्हनतो, 'चाचा, फिकर नक्को करो! दस साल हिलती नै!' दहा साल? दहा सालानं मीच हलतो का नाय, त्याचा भरोसा नाय!

मंग मला काय? मला कम्फर्टर! पांढरंफेक, टम्म फुगलेलं, अन् वजन म्हनाल तं पावशेर. अंगावर हाय का पडलं, हे चाचपून बघावं लागतं! पोराला म्हनलं, 'राजकुमार, ह्यानं थंडी जाईना रे.' तं तो म्हनतो, 'बाबा, मायक्रोफायबर आहे. मायनस पाचला चालतं.' म्हनलं, मायनस पाचला चालत असंल बाबा, पन इथं सात हाय! इथं चालना, त्याचं काय?

मंग हिटर आनला. हिटर लावला का गिझरचा खटका पडतो, गिझर लावला का हिटरचा! म्हंजे एक तं आंघोळ करा, नाय तं शेकत बसा. म्हनलं जाऊ द्या, बाल्कनीत घमेल्यात दोन लाकडं पेटवली... झालं! सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर! 'काका, धूर! काका, नियम!' आता मला सांगा, थंडी कोनाला वाजते? नियमाला वाजते का?

अन् मंग तो रविवार. सकाळचे अकरा वाजले तरी हाडातली थंडी निघंना. घरात कोनी नाय. म्हनलं, वाकळ आपल्याकडं येत नाय ना? मंग आपुन वाकळीकडं जाऊ! सोफ्यावर चढलो, वाकळ खालून उचलली, भिंतीला पाठ टेकून आत बसलो अन् अंगावर खाली सोडली. आहाहा... तुमाला काय सांगू! तोच वास, तेच वजन. बसल्या बसल्या डोळाच लागला.

जागा झालो तं बायांचा आवाज! रूपालीच्या हापिसातल्या मैत्रिनी वाकळ बघायला आलेल्या! त्यातली एक मंजुषा मॅडम. 'अय्या, किती सुंदर! अगं रूपाली... पण खाली हे पाय कोणाचे?' मी पोट आवळून भिंतीला चिकटलो! पुन्हा तीच, 'याला तर खिसापण आहे! किती क्रिएटिव्ह!' अन् घातली की बोटं... काय निघालं? माही तंबाखूची पुडी! रूपाली लालबुंद. मी आतूनच म्हनलं, 'तेवढी पुडी इकडं द्या मॅडम.' दोघी तिघी खुर्च्यांवर चढल्या ना, भिऊन!

तेवढ्यात मनकर्णाबाई आली बाजारातून. म्हनलं, आता हिला माही दया येईल, ही सुनंला दोन शब्द सुनवंल. कशाचं काय! मंजुषा मॅडमनं इचारलं, 'आजी, हा टाका कसला हो?' अन् चार मानसांत तोंड न उघडनारी माही बायको, पिशवी खाली ठेवून सांगायला लागली! 'हे माह्या सासूचं लुगडं. हा पोराचा सदरा. हा ह्यांचा कंपनीतला शर्ट, भट्टीच्या ठिनग्यांनी चाळन झाली व्हती त्याची, एक एक भोक बुजवलंय मी...' पोरी फोटो काढायल्या, अन् ही लाजायली!

समद्या गेल्यावर म्हनलं, 'मनकर्णे, सांग ना पोरीला, उतरव म्हनाव. थंडी भिंतीला वाजते का मला?' ती माह्याकडं न बघता म्हनली, 'चाळीस वर्षं पांघरली. एकदा तरी म्हनलात का, चांगली शिवली म्हनून?'

'अगं, चांगली हाय म्हनून तं पांघरली!'

'मंग बोलायला काय थंडी वाजत व्हती?'

घ्या! खरं सांगतो, लई लाज वाटली मला. आपुन निस्तं ओढून घेतलं, बोललो कवा? दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता, पोरगं अन् सून समोर असताना म्हनलं, 'लई भारी शिवलीस गं वाकळ.' ती गालात हसली. म्हनली, 'कळलं कळलं. तुमाला नवी शिवते.'

मी खूश! इचारलं, 'कवा व्हईल?'

'डोळं पयल्यासारखं ऱ्हायलंय का माहं? व्हईल भीमजयंतीपर्यंत.'

भीमजयंती! चौदा एप्रिल! अहो, संभाजीनगरात एप्रिलमधी मानूस अंगावरचं कातडं काढून ठेवावं म्हनतो, तवा मला अडीच किलोची वाकळ मिळनार! पन आता नको म्हनायची हिंमत हाय का? चांगली शिवतीस म्हनून बसलोय ना!

अन् तवर? तवर काय, बसतो सोफ्यावर, वाकळीखाली, भिंतीला टेकून. सुनंनं परवानगी दिलीय. अट एकच हाय... पाव्हनं आलं का पाय आत घ्यायचे.