सूज उतरलेला कॉम्प्युटर

परळला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे आपला नंबर येण्याची वाट बघत बसले होते.

“लवू, जर्मनीला जाताना शंतनुने माझ्या कॉम्प्युटरची सूज उतरवली.”

“कॉम्प्युटरला सूज?”

“लागत नाही ते सगळं काढून टाकलं. नवी सिस्टिम टाकली, तिला पाच वर्षं सपोर्ट आहे म्हणाला.”

“नातवाचा?”

“कंपनीचा रे.”

“मग त्यावर शंतनु दिसतो ना अण्णा? मोबाइलवर तुला धड दिसत नाही.”

“नाही दिसत. व्हिडिओ कॉलचं पण काढलं. वर्षभर मी ते वापरलंच नव्हतं.”

“तेव्हा तो घरातच होता ना रे.”

“हां. पण कॉम्प्युटर आता चुटकीसरशी चालू होतो.”

“मग करतोस काय?”

“बंद करतो.”